काकींकडचा बर्फ, आपल्याकडचं केळं

जिजी,

आज दुपारी काकींना केळ्याची गार कॉफी करून दिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या जळगावला आल्या आणि मुलगा लांब असतो म्हणून आमच्याकडेच उतरल्या. काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मी काय करते ते नुसतं कानांनी ओळखतात. फ्रिजचं दार वाजलं की "बर्फ काढला का?", चमचा वाजला की "कॉफी जास्त नको टाकू वं". तुमच्या धाकट्या जाऊबाई. तुम्ही त्यांना कधी नावाने हाक मारली नाहीत, नेहमी 'धाकली'. त्या धाकल्या आता ऐंशीच्या घरात आहेत, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या होतात त्यापेक्षा कितीतरी म्हाताऱ्या, हे लिहिताना मला चमत्कारिक वाटतं.

तशी करायला फार सोपी आहे ती. साल काळी पडायला आलेली दोन केळी चकत्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, कडक झाली की मिक्सरमध्ये टाकायची. चमचाभर कोमट पाण्यात कॉफी विरघळवायची, म्हणजे गुठळी राहत नाही. त्यावर थंड दूध, चार खडे बर्फ, आणि मिक्सर फिरवायचा. साखर लागत नाही, केळंच पुरतं. वर जाड फेस येतो. तुमची नात आता पुण्याला नोकरी करते, तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, हे तर इथे कॅफेत मिळतं! तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, तू पोटात होतीस तेव्हा यावरच वाढलीस. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी लिहायला बसले की पहिल्यापासून सांगावंसं वाटतं. मी धुळ्याकडची. लग्न होऊन तुमच्या केळीच्या मुलखात आले तेव्हा बोलताना 'आहे'ला 'शे' म्हणायची आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसायच्या. तुमच्याकडे 'हाये'. एवढंच तुमचं हसणं माझ्या वाट्याला आलेलं. एरवी तुम्ही कमी बोलायच्या. माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. गल्लीतल्या बायका येऊन जे बोलायचं ते बोलत होत्या, आणि तुम्ही माझ्या पायाशी बसून होतात, भाजी निवडायला घेतलेलं ताट मांडीवर तसंच. मी तेव्हा तुम्हाला कठोर समजले. फार वर्षांनी कळलं की त्या बायका तुमच्या तिथे बसण्यामुळेच लवकर उठून जात होत्या.

दुसऱ्या वेळेला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. उन्हाळा तोंडावर आलेला, आपल्याकडचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. फोडणीचा वास आला की उलटी, चहाचा वास आला की उलटी. पाणी प्यायलं तरी घटकेत बाहेर. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सलाईन लावलं आणि तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हिच्या पोटात काहीतरी राहिलं पाहिजे, काहीही, थोडं थोडं, गार देऊन बघा, बर्फ चोखू द्या. मी कॉटवर पडून ऐकत होते. तुम्ही विचारलंत, "नाही राह्यलं तं?" डॉक्टरीणबाई माझ्या फाईलवर लिहीत राहिल्या.

आणि बर्फ गावात एकाच घरी होता.

आपल्या घरापासून तीन दारं टाकून काकांचं घर. माझे सासरे आबा आणि काका सख्खे भाऊ, पण सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर एकच, मोटार एकच, पाण्याची पाळी ठरलेली. एका उन्हाळ्यात आपल्या पाळीला मोटार त्यांच्या बागेकडे चालू राहिली. काका म्हणत लाईट उशिरा आली म्हणून हिशेब चुकला, आबा म्हणत मुद्दाम केलं. आपली नवी लावलेली केळी नदीकडच्या तुकड्यात वाळून गेली. विहिरीवर चार लोकांसमोर नको ते बोलणं झालं आणि दोन्ही घरांची तोंडं फिरली. पुरुषांची फिरली म्हणून बायकांचीही. तुम्ही आणि काकी, एका चुलीवर किती वर्षं रांधलेल्या दोघी, नळावर एकमेकींकडे पाठ करून हंडा भरायच्या. मी घरात आले तेव्हा मला सांगितलेली पहिली गोष्ट हीच होती की त्या घरी जायचं नाही.

त्या घरचा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होता. त्याने आईसाठी फ्रिज आणून ठेवला होता. गल्लीतली पोरं दारातून तो बघायला जायची.

डॉक्टरीणबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आबा आतल्या खोलीत झोपलेले असताना तुम्ही उठलात. मी ओसरीच्या कडेला खाटेवर पडले होते. फडताळातून कडीचा डबा काढलात, पदर डोक्यावरून घेतलात, चपला घातल्यात. मी विचारलं, "जिजी, कुठे?" तुम्ही म्हणालात, "आल्ये." बस्स. बऱ्याच वेळाने परत आलात तेव्हा डब्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. फडक्यात बर्फ घालून बत्त्याने फोडलात आणि एक खडा माझ्या जिभेवर ठेवलात. तो कुठून आणला हे मी विचारलं नाही. कळायला काय वेळ लागतो.

त्या घरात त्या दुपारी काय झालं ते मला आज कळलं, काकींनी सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिलात. काकी डाळ पाखडत होत्या. मान वर केली तर तुम्ही.

"बर्फ हाये का?"

"हाये. आत या, बाई."

"इथीच बरी हाये."

मग काकी आत गेल्या, पण ट्रे फ्रिजला चिकटून बसला होता. त्यांनी ओढला, निघेना. पाणी ओतलं, तरी निघेना. तुम्ही उंबऱ्याबाहेरून बघत राहिलात आणि शेवटी तुम्हालाच राहवलं नाही. चपला काढून आत गेलात आणि म्हणालात, "सर बाजूला, उलथनं आण." काकी आज हे सांगताना इतक्या हसल्या की मी घाबरले, डोळ्याला त्रास होईल म्हणून. "सहा वर्षानं घरात पाय ठेवला, आन काय म्हने, तं उलथनं आण!" मग ट्रे निघाल्यावर त्यांनी विचारलं, सून कशी हाये. तुम्ही सांगितलंत. आणि सांगता सांगता रडलात म्हणे. जिजी, मी तुम्हाला रडताना कधीही पाहिलं नाही.

नुसत्या बर्फाने काय होणार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही आलात त्या पदराच्या टोकाला एक पुडी बांधून. काकींची सून दीपनगरच्या क्वार्टरमध्ये अशीच आजारी पडली होती, आणि शेजारच्या दक्षिणेकडच्या बाईंनी तिला गार कॉफी पाजली, ती पोटात राहिली. म्हणून काकींनी मुलाने आणलेल्या बाटलीतली कॉफी तुम्हाला बांधून दिली. तुमचा त्या कॉफीवर काडीचा विश्वास नव्हता. कॉफी म्हणजे उष्ण, पोटुशीला कशी द्यायची? पुडी उघडून वास घेतलात आणि नाक मुरडलंत. पण दुसरं काही उरलं नव्हतं. मग तुम्ही तुमच्या मनाने त्यात केळं घातलंत, कारण आपल्या घरात केळ्याला बाधक कोणी मानत नव्हतं आणि केळं उष्णता मारतं असं तुमचं म्हणणं.

मला ते अजून दिसतं. दाराआड पिकायला ठेवलेल्या घडातलं एक केळं तुम्ही काढता, साल सोलून वाटीत हाताने कुस्करता, थोडं दूध घालून फडक्यातून पिळून घेता, म्हणजे माझ्या घशात तंतू यायला नको. कॉफी चिमूटभरच, तीही बोटांतून अर्धी परत पुडीत टाकता. तांब्यात सगळं ओतून ताकाच्या छोट्या रवीने घुसळता, आणि वरून बर्फाचा चुरा. पेला माझ्या हातात देता आणि समोर बसता. तुमच्या हातात पातेलं. उलटी झाली तर धरायला.

पहिला घोट कडू लागला. मग मागून केळ्याची गोडी आली, आणि गार, असं गार की छातीपर्यंत उतरताना कळत होतं. मी अर्धा पेला प्यायले आणि डोळे मिटून पडले. तुम्ही पातेलं धरून बसलेल्या. बाहेर गल्लीत उन्हाने चिटपाखरू नव्हतं. एकदा डोळे उघडले तर तुम्ही तशाच. पुन्हा उघडले तर तशाच.

"राह्यलं का वं?"

"राह्यलं, जिजी."

तुम्ही पातेलं खाली ठेवलंत. त्याचा आवाज झाला एवढंच. पण मग तुम्ही आत गेलात आणि देवापाशी दिवा लावल्याचा वास आला. भर दुपारी.

त्यानंतर रोज. दुपार झाली की डबा, पदर, चपला. सुरुवातीला तुम्ही गेल्या पावली परत यायच्या. मग थोडा उशीर होऊ लागला. एकदा आलात तर तुमच्या केसांना तेल लावलेलं, भांग नीट पाडलेला, मागे बारीक वेणी घालून अंबाडा घातलेला. तुमच्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. एकदा आलात आणि पेला हातात देताना स्वतःशीच हसलात. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "काई नाही. धाकलीनं जुनी गोष्ट काढली." आणि मग सांगितलीतही: तुम्ही दोघी नव्या सुना असताना सासूची नजर चुकवून मळ्यात बसून पेरू खाल्ले होते आणि बिया दातात अडकून पकडल्या गेल्या होत्या, ती गोष्ट. जिजी, त्या घरात येऊन मला दोन वर्षं झाली होती. तुम्हीही कधी नवी सून होतात हे मला त्या दिवशी कळलं.

आबांना कळायचं ते एका पातेलीमुळे कळलं. काकींनी एक दिवस बर्फ त्यांच्या पातेलीत घालून दिला, आणि पातेलीवर काकांचं नाव कोरलेलं. आबा हात धुवायला मोरीकडे निघाले तर पातेली घासून पालथी घातलेली. त्यांनी उचलली. मला वाटलं, आता हे बंद. तुम्ही चुलीपाशी होतात, भाकरी थापत होतात, हात थांबला नाही.

"हे भांडं कोणाचं?"

"दिसते ना नाव."

"आपल्या घरात कसं आलं?"

"बर्फ आला त्याच्यात." आणि मग मान न वळवताच म्हणालात, "सुनंच्या पोटात दुसरं काई राह्यत नाही. तुम्हाले बंद करायचं असंन तं तुम्ही सांगा तिले. मी नाही सांगणार."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तव्यावरची भाकरी फुगून बसली. आबांनी पातेली पुन्हा पालथी घातली, हलकेच, आवाज न करता, आणि बाहेर जाताना दारातून म्हणाले, "परत करशीन तं रिकामी नको देऊ." दुसऱ्या दिवशी पातेलीतून एक फणी केळी गेली. ती आबांनी स्वतः निवडून काढून ठेवली होती, हे तुम्ही पाहिलंत का? मी खाटेवरून पाहिलं. तीनदा बदलली.

दोघे भाऊ पुढेही कधी मोकळे बोलले नाहीत, हे खरं. बारशाला काका आले, दाराजवळ बसले, पेढा घेतला, मुलीच्या मुठीत काहीतरी ठेवलं आणि गेले. आबा त्यांच्याशी बोलले नाहीत, पण ते जाईपर्यंत उठलेही नाहीत. पुरुषांचं तेवढंच झालं. तुमचं मात्र तसं नव्हतं. तुमची नात रांगायला लागली तेव्हा ती दोन्ही घरांतून रांगत होती. तिला चालायला शिकवलं ते तुम्ही इकडून आणि काकींनी तिकडून, मध्ये तीन दारांची गल्ली. आणि ती सहा वर्षांची असताना तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या उशाशी काकी बसल्या होत्या. तुमचे केस त्यांनीच विंचरले. मी पाणी आणून दिलं, बाकी त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

हे सगळं आज वर आलं ते काकींमुळे. पेला संपवून त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाल्या, "तुह्या सासूले लय आवडे ही."

मी म्हटलं, "जिजींना? त्यांनी तर कधी घोटभरही घेतली नाही. नाक मुरडायच्या."

काकी म्हणाल्या, "घरी मुरडे. माह्याकडे रोज अर्धा पेला पिऊन जाय. पह्यल्या दिवशी म्हने, पाह्यते, सुनंले बाधत तं नाही. दुसऱ्या दिवशी म्हने, पुन्हा पाह्यते. मंग रोजच पाहू लागली!"

जिजी! रोज माझ्यासमोर चिमूट अर्धी परत पुडीत टाकणाऱ्या तुम्ही! आमचे हे तेव्हाच ऑफिसातून आले, आम्ही दोघी का हसतोय ते विचारू लागले. काकींनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. आई गेल्यापासून ते तुमच्याविषयी फारसं बोलत नाहीत. आज त्यांनी बूट न काढता तिथेच खाली बसून ऐकलं, आणि मग म्हणाले, "माझी आई कॉफी प्यायची?" जणू कोणी त्यांना नवीनच कोणाविषयी सांगत होतं. नंतर उठून त्यांनी स्वतः मिक्सर लावला. केळं जास्त झालं, कॉफी कमी, खीर झाली नुसती. काकींनी दुसरा पेला घेतला तरी. आम्ही तिघांनी घेतला.

आता काकी पडल्या आहेत, हे बाजारात गेले आहेत, आणि मी तुमच्या नातीच्या जुन्या वहीची पानं फाडून हे लिहिते आहे. पाठवायचं नाहीच आहे, तर पत्ता कशाला हवा. काकींनाही वाचून दाखवणार नाही. पण तुमची एक गोष्ट आज उघडी पडली, तर माझी एक तुम्हाला सांगायला हवी.

त्या वर्षीच्या आखाजीची, अक्षय्य तृतीयेची आहे. खापरावरचे मांडे एकटीच्या हाताने होत नाहीत, एकीने हातावर फिरवायचा, दुसरीने खापर सांभाळायचं. भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत आखाजीला साध्या पुरणपोळ्याच व्हायच्या. त्या आखाजीला तुम्ही सकाळीच तिकडे गेलात आणि दुपारी धोतराच्या पांढऱ्या फडक्यात मांडे घेऊन आलात. कोपरापर्यंत पीठ, तोंड चुलीच्या आचेने लाल. आबांनी दोन खाल्ले, तिसऱ्यासाठी ताट पुढे केलं. मग तुम्ही माझ्या खाटेवर येऊन बसलात. मांड्याचा पापुद्र्यासारखा तुकडा तुपात बुडवून माझ्या तोंडापाशी धरलात. "एवढा घास घे वं माय. माह्यासाठी."

वेलची, तूप, भाजलेलं पुरण. मी मान फिरवली. म्हटलं, "नको जिजी. नाही राहणार. तेच गार आणता का?" आणि तुम्ही घास खाली ठेवलात, पीठ झटकलंत, डबा उचललात आणि त्या उन्हात पुन्हा तीन दारं ओलांडून गेलात. संध्याकाळ झाली तरी आला नाहीत. काकींच्या मुली माहेरी आल्या होत्या, अंगणात झोका बांधला होता, गाणी चालली होती, आणि त्या बायकांच्या आवाजांत तुमचा आवाज मला खाटेवरून ओळखू येत होता.

माझ्या उलट्या आखाजीच्या आठवडाभर आधीच थांबल्या होत्या, जिजी. मला चांगली भूक लागत होती. तुम्ही तिकडे गेलात की मी चोरून भाकरी खात होते. तो मांडा मी एका दमात संपवला असता.